तेरीज

माझगावच्या म्युनिसिपल शाळेत, रात्री साडेसातला,
तिसरीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून
आम्ही एकोणीस जण बसतो.
फळ्यावर सकाळचा सुविचार तसाच,
त्याच्याखाली विजयकर बाई उभी रेघ मारतात:
डावीकडे नावे, उजवीकडे जमा.
जे येतं ते नावे. जे जातं ते जमा.

मी दिवसभर नागदेवीला नटबोल्ट मोजतो.
मला वाटायचं, जमा म्हणजे आलेलं.
"सगळ्यांना तसंच वाटतं," बाई म्हणाल्या,
"पहिली चाचणी होईपर्यंत."

गृहपाठ: घरातला एखादा धंदा घ्या,
एका महिन्याचा हिशेब कीर्दीपासून तेरजेपर्यंत आणा.
आमच्या घरात धंदा एकच. आई पोळ्या लाटते.
हिशेब कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर,
पेन्सिलीने, पिठाच्या बोटांनी.

मी वही आखली.
श्रीमती अनसूया घाग यांचे भांडवल खाते, रुपये चार हजार.
"म्हणजे हे पैसे धंदा मला देणं लागतो?"
हो. धंदा वेगळा, तू वेगळी.
तिने तवा उतरवला.
"मग हे मनगट कुणाचं दुखतं,
विचार तुझ्या बाईंना."

पोळपाटाला घसारा लावायला गेलो,
वर्षाला वीस टक्के, सरळ रेषेत.
पाच वर्षांत किंमत शून्य.
तो सोळा वर्षांचा आहे,
एका पायावर डुगडुगतो, खाली पुठ्ठ्याची घडी.
वहीच्या हिशेबाने
आम्ही अकरा वर्षं हवेवर लाटलेल्या पोळ्या विकतोय.

सिलिंडर आला, पैसे सोमवारी: देणे बाकी.
रात्री उरलेल्या चार पोळ्या आम्हीच खातो: उचल.
हा शब्द आईला आवडला नाही.
"चोरून खाल्ल्यासारखं वाटतं."
तरी लिहिला.

बेरजा केल्या.
जमा बाजू दोनशे सत्तरने जड.
पुन्हा केल्या. वरून खाली, खालून वर.
समोरच्या बेकरीचं शटर पडलं, तरी दोनशे सत्तर.

मग बाईंचं आठवलं:
फरकाला नऊने भागून बघा,
पूर्ण भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत.
दोनशे सत्तर भागिले नऊ. तीस. बाकी शून्य.
मी हवालदारासारखा ओळीओळीने उतरलो
आणि पकडलं.

निजाम पेवेकर, खलाशी, खोली सतरा.
येणे ८५०.
रोख मिळाले ५८०.
आणि खात्यावर आईची आडवी रेघ: फिटलं.

आई, आठ आणि पाच उलटे लिहिलेस.

ती उद्याची कणीक मळत होती.
"उलटे नाहीत. तेवढेच घेतले."
का?
"जहाज मिळालं नाही त्याला अजून."
मग खातं कशाला मिटवलंस? बाकी ठेवायची.
तिने कणकेवर तेलाचा हात फिरवला,
परात झाकली.
"दोनशे सत्तर बाकी ठेवले असते
तर दुसऱ्या दिवशी तो पोळ्या न्यायला आला असता?"

याला उत्तर पुस्तकात शोधलं.
बुडीत येणी हे प्रकरण आम्हाला दिवाळीनंतर आहे.

"बुडीत कशाला?" बाई म्हणाल्या. "दिलेली सूट.
सूट खाते नावे, दोनशे सत्तर.
आणि नोंदीखाली कंसात स्पष्टीकरण.
ते नसलं तर अर्धा गुण जातो."

तेरीज जुळली. कंस उघडा होता.
बाकावर कुणीतरी करकटकाने बदक कोरलंय,
त्याच्याकडे बघत बराच वेळ बसलो.
मग लिहिलं:
(जहाज मिळाले नाही, सबब सूट दिली.)

बाईंनी वाचलं. लाल पेन एकदा खाली आलं,
'श्रीमती'ची वेलांटी दुरुस्त करून वर गेलं.
वही परत देताना हळूच म्हणाल्या,
"शनिवारी मला आठ पोळ्या हव्या होत्या.
आईंना सांग,
रोखीने."